पाऊस नाही, वारा नाही, मग बांधावरून पाणी आलं कसं?

गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या एका शेतकरी गृहस्थांचा प्रश्न आहे. कार्तिकातली अमावास्या होऊन दुसरी रात्र. आभाळ स्वच्छ, झाडाचं पान हलत नव्हतं, पाऊस जाऊन महिना उलटलेला. तरी बाराच्या सुमारास मांडवी आणि झुवारी नद्या जोडणाऱ्या कालव्याचं खारं पाणी खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताच्या, बांधावरून आत आलं. भात कापून झालं होतं म्हणून ते वाचलं. मिरचीचे वाफे गेले. गावात तीन मतं आहेत: सुपरमून, समुद्राची वाढती पातळी आणि नदीतला वाळूउपसा. यातलं खरं कुठलं, हे परत होईल का, आणि आधी कळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी चौतीस वर्षं मांडवी-झुवारीत खनिजाच्या बार्जांवर काढली. खलाशी म्हणून चढलो, मास्टर म्हणून उतरलो. आमोण्याहून भरलेली बार्ज खाली आणायची तर पाण्याचा हिशेब तोंडपाठ लागतो. पाणी कमी पडलं तर तळ गाळात बसतो आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. पाणी जास्त झालं तर रिकामी, उंच तरंगणारी बार्ज कालव्यावरच्या पुलाखाली अडकण्याची भीती. म्हणून कुठल्या रात्री पाणी किती चढणार, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारत आलो आहे.

आधी थेट उत्तर देतो. त्या रात्री जगावेगळं काही घडलं नाही. एरवी वेगवेगळ्या दिवशी येणाऱ्या चार-पाच गोष्टी एकाच रात्री एकत्र आल्या. हे परत होणार. आणि त्यातला मोठा भाग वर्षभर आधी भरतीच्या तक्त्यात छापलेला असतो. जो भाग छापलेला नसतो तो वीतभरच असतो, पण तुमचा बांध त्या विताभरानेच हरतो.

आता एकेक गोष्ट सुटी करून सांगतो.

भरती चंद्रामुळे येते हे सगळ्यांना माहीत आहे. पण चंद्र एका बाजूला असताना दिवसात भरती दोनदा का, हे विचारलं की बहुतेक जण थांबतात. चंद्राच्या समोरच्या पाण्यावर त्याची ओढ पृथ्वीच्या मध्यावर असते त्यापेक्षा थोडी जास्त असते आणि पाठीमागच्या पाण्यावर थोडी कमी. भरती उठते ती या फरकामुळे. समोरचं पाणी पुढे ओढलं जातं, मागचं मागे राहतं, म्हणून दोन्हीकडे फुगवटा. सूर्याची एकूण ओढ चंद्रापेक्षा कितीतरी मोठी, पण तो इतका दूर आहे की हा फरक चंद्राच्या निम्म्याहून कमी पडतो, साधारण ४६ टक्के.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांचा जोर मिळतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात, एक दुसऱ्याचं खातो, तो भांग. मुरगाव बंदरातल्या पाण्याचा ढोबळ हिशेब सांगायचा तर चंद्राचा मुख्य वाटा सरासरी पातळीच्या वर ५५ सेंटीमीटर आणि सूर्याचा २० सेंटीमीटर. उधाणाला त्यांची बेरीज, भांगाला वजाबाकी. आमच्याकडे सांगोड, म्हणजे जोडलेल्या होड्यांवरून गणपतीचं विसर्जन, होतो तो गणपतीच्या सातव्या दिवशी, म्हणजे दशमीच्या आगेमागे. अष्टमीनंतर दीड-दोन दिवसांनी भांग सर्वांत मऊ असतो. जोडलेल्या होड्या त्या दिवशी पाण्यावर कशा शांत चालतात ते तुम्ही काठावरून दरवर्षी बघता.

दीड-दोन दिवसांचा हाच उशीर उधाणालाही असतो. समुद्र म्हणजे प्रचंड वजन. त्याला ओढल्याबरोबर तो हलत नाही आणि ओढ कमी झाल्याबरोबर थांबत नाही. मुरगावला सर्वांत मोठं पाणी अमावास्येच्या दिवशी न येता साधारण दीड दिवसाने येतं. पंचांगात अमावास्या पाहून त्या रात्री जागणारे आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्त झोपणारे लोक मी पाहिले आहेत. तुमच्याकडे पाणी आलं ती नेमकी ही दुसरी रात्र होती.

वेळेचंही सांगतो. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, त्यामुळे गोव्यात तीच भरती तासभर आधी होते. आणि मुखापासून जसे आत जाल तसा परत उशीर. कुंभारजुव्याला मी मुरगावच्या वेळेवर अर्धा-पाऊण तास चढवत असे.

आता सुपरमूनचं मत. ते अर्धं बरोबर आहे. चंद्राची कक्षा लांबट आहे. साडेसत्तावीस दिवसांत तो एकदा जवळ येतो आणि एकदा लांब जातो. अगदी जवळ असताना अंतर ३ लाख ५७ हजार किलोमीटरच्या घरात, अगदी दूर असताना ४ लाख ६ हजारांच्या. अंतर थोडंच बदलतं असं वाटेल, पण भरती उठवणारा जोर अंतराच्या घनाने बदलतो. त्यामुळे जवळचा चंद्र सरासरीपेक्षा सुमारे पाव पट जास्त जोर लावतो आणि दूरचा १५ टक्के कमी. आपल्या पाण्यात याचा अर्थ उधाणावर आणखी १२-१३ सेंटीमीटर.

चंद्र जवळ येणं आणि अमावास्या किंवा पौर्णिमा असणं हा योग साधारण दर सात महिन्यांनी जमतो. वर्तमानपत्रात फोटो येतात ते पौर्णिमेचे, कारण ती दिसते. अमावास्येचा जवळचा चंद्र कोणाला दिसत नाही, त्याची बातमी होत नाही, पण पाण्यावर त्याचा जोर तितकाच. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक लोक मोठ्या पौर्णिमेला सावध असतात आणि तितक्याच मोठ्या अमावास्येला नसतात.

तिसरी गोष्ट गोव्याच्या किनाऱ्याला खास लागू आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान, कधी कधी फरक हातभर. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला कलला की समोरचा फुगवटा एका गोलार्धात आणि मागचा दुसऱ्या गोलार्धात जास्त जातो. एकच गाव दिवसात एकदा जाड भागाखालून आणि एकदा पातळ भागाखालून फिरतं. अरबी समुद्राची घडण अशी की इथे हा दिवसातून एकदाच येणारा वाटा चांगला वाढतो. मुरगावला त्यातला सर्वांत मोठा तुकडा ३० सेंटीमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सूर्याच्या दुवेळच्या वाट्यापेक्षाही मोठा. पुस्तकात वाचलं असेल की मार्च-सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना, वर्षातली सर्वांत मोठी उधाणं येतात. ज्या समुद्रात दोन्ही भरत्या सारख्या तिथे ते खरं आहे. आपल्याकडे जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीच्या उधाणांना दिवसाचा हा एकेरी वाटा मिळतो, म्हणून त्यांची मोठी भरती जास्त उंच जाते.

आणि एक बारकावा: पावसाळ्यातल्या उधाणाची मोठी भरती दिवसा येते, हिवाळ्यातली रात्री. जूनमध्ये सकाळी उशिरा पाणी काठाला लागलेलं सगळे बघतात, बोलतात, फोटो काढतात. डिसेंबरमध्ये तेच पाणी मध्यरात्री येऊन जातं. सकाळी बांधाच्या आतल्या गवतावर मिठाची पांढुरकी कड दिसते तेव्हा कळतं.

चंद्राचा हा उत्तर-दक्षिण कल १८.६ वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त होतो. २०२४-२५ मध्ये तो सर्वाधिक होता. गोव्यात त्याने दोनेक बोटांचा फरक पडतो. लहान आहे, पण बाकीचं सगळं जमून आलेलं असताना दोन बोटंही मोजावी लागतात. तसंच जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे त्या दिवसांत सूर्याचा वाटा पाच टक्क्यांनी जास्त असतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या सवयीच्या उलट आहे. गोव्यात सगळे समजतात की समुद्र पावसाळ्यात फुगतो. लाटा मोठ्या असतात हे खरं. पण किनाऱ्याजवळच्या समुद्राची सरासरी पातळी पावसाळ्यात खाली असते आणि नोव्हेंबर ते जानेवारीत वर. मोसमी वाऱ्याच्या दिवसांत आपल्या किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, पृष्ठभागावरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर सरतं आणि खालचं थंड, जड पाणी वर येतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाळं ओढणाऱ्यांच्या हाताला हा गारवा लागतो. पाऊस संपला की प्रवाह उलटतो आणि उत्तरेकडे वाहू लागतो. बंगालच्या उपसागराकडचं कमी खारं, हलकं पाणी किनाऱ्याला लागून वर येतं आणि समुद्राची पातळी दहा-पंधरा सेंटीमीटर उचलली जाते. वारा नाही, लाट नाही, पाऊस नाही, तरी पाणी वर.

आता तुमची रात्र मांडून बघा. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, हिवाळ्यातली मोठी रात्रभरती, वर्षातली उंच पातळी. त्यात चंद्र जवळ असेल तर आणखी १२-१३ सेंटीमीटर. यातल्या कशालाही वादळ लागत नाही. निरभ्र रात्री, अगदी हळू, आवाज न करता पाणी काठावर येतं.

एवढ्याने भागत असतं तर तक्ता पुरला असता. पण तक्त्यात सूर्य, चंद्र आणि ऋतूची सरासरी असते, हवामान नसतं. हवेचा दाब कमी झाला की समुद्र वर येतो, कारण वरून दाबणारं वजन हलकं होतं. एक हेक्टोपास्कल दाब उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आला आणि दाब दहाने उतरला तर दहा सेंटीमीटर. त्यात वारा किनाऱ्याकडे पाणी रेटत असेल तर आणखी. समुद्र जितका उथळ तितका हा रेटा जास्त चढतो.

दोन वादळांची उदाहरणं देतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी वादळ गोव्यापासून कितीतरी दूर समुद्रात होतं. इथे वादळ म्हणावं असं काही नव्हतं. पण ३ डिसेंबर म्हणजे दत्तजयंतीची पौर्णिमा, आणि दुसऱ्या दिवशी चंद्र पृथ्वीपासून साडेतीन लाख किलोमीटरच्या थोडा पलीकडे, त्या फेऱ्यातल्या सर्वांत जवळच्या जागी. दूरच्या वादळाने पाठवलेल्या लांब लाटा नेमक्या त्या उधाणावर स्वार झाल्या. पेडण्याच्या किनाऱ्यावर हरमल, मोरजीकडे शॅकमध्ये पाणी शिरलं, वाळू वाहून गेली.

याच्या उलट तौक्ते. १६ मे २०२१ ला ते गोव्याच्या अगदी जवळून गेलं. झाडं पडली, वीज गेली, छपरं उडाली. पण अक्षय तृतीया होऊन दोन दिवस झाले होते, उधाण ओसरत होतं आणि चंद्र ११ तारखेला सर्वांत दूर जाऊन आला होता. त्यामुळे भरतीचा वाटा लहान राहिला. दहा दिवसांनी, २६ मे रोजी, बुद्धपौर्णिमेला चंद्र अगदी जवळ होता आणि त्याच दिवशी यास वादळ ओडिशाच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलं. बंगालमध्ये दिघ्यापासून सुंदरबनापर्यंत बांध फुटून गावं पाण्यात गेली. तौक्ते दहा दिवस उशिरा आलं असतं तर आपल्या खाजनांचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लांब लाटांबद्दल एक शब्द सांगून पुढे जातो. केरळात ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होतं, त्याच्या लाटा हजारो किलोमीटर चालून काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात, इथे आभाळ निळंच असतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था याचे इशारे देते. किनाऱ्यावर शॅक किंवा होडी असेल त्याने ते रोज बघावेत. कुंभारजुव्यापर्यंत मात्र ही लाट पोचत नाही, वाटेत मोडते. तुमच्यासाठी ती दुय्यम आहे.

तुमच्यासाठी नदी महत्त्वाची. समुद्रातून भरती नदीत शिरली की घर्षणाने तिची उंची कमी होत जायला हवी. मांडवी-झुवारीत तसं होत नाही. मुखापासून आत सुमारे ४० किलोमीटरपर्यंत भरतीची उंची जवळजवळ तशीच राहते आणि त्यानंतर पुढच्या दहा किलोमीटरमध्ये झपाट्याने संपते. कारण नदीचा आकार. मुखाशी रुंद, आत अरुंद होत जाणारी. जितकं घर्षण भरतीला खातं तितकंच अरुंद होणारं पात्र तिला उचलून धरतं. म्हणून समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाने ‘आपल्यापर्यंत काय पोचणार’ म्हणू नये. दिवाडी, चोडण, कुंभारजुवे, सांत इस्तेव या सगळ्या जुव्यांना, म्हणजे बेटांना, मुरगावएवढंच पाणी मिळतं. तुमच्या कालव्याला तर दोन्ही तोंडांनी, मांडवीकडूनही आणि झुवारीकडूनही.

पावसाळ्यात याच नदीत वरून घाटाचं पाणी उतरतं. तेव्हा अडचण वेगळी असते. समुद्राची पातळी खाली, पण भरती लागलेली असताना पावसाचं पाणी बाहेर पडायला वाट नाही. पणजीत मळा, सांतिनेज भागात पाणी तुंबतं ते बहुतेक वेळा असंच. पाऊस जोरात आणि त्याच तासांत उधाणाची भरती. तोच पाऊस ओहोटीच्या वेळी पडला असता तर दोन तासांत निचरा झाला असता.

एका आप्ताने तुम्हाला सांगितलं की भावनगरकडे दहा मीटर भरती येते, आपल्या दोन मीटरांचं काय घेऊन बसलात. खंबातच्या आखाताबाबत ते खरं आहे. तिथे किनाऱ्यापासूनचा उथळ समुद्र शेकडो किलोमीटर रुंद आहे आणि आखात नरसाळ्यासारखं निमुळतं. उथळ, रुंद पट्ट्यावर भरतीची लाट हळू होते, दाटते, उंच होते. कोचीला हा पट्टा अरुंद, म्हणून भरती मीटरभराच्या आसपास. गोवा मध्ये, मोठ्या उधाणाला दोन मीटरच्या थोडं वर. मुंबई त्याच्या दुप्पट. पण जिथे दहा मीटर पाणी हलतं तिथली वस्ती, धक्के, बांध त्या मापाचे असतात. वीतभर पाण्याने तिथे फारसं बिघडत नाही. आपलं खाजन भरतीच्या रेषेच्या खाली वसलेलं आणि बांधाचा माथा मोठ्या उधाणापेक्षा दोन-अडीच विती वर. त्यातली अर्धी वीत ऋतूने खाल्ली, अर्धी दाबाने, उरलेली बांध खचल्याने, की पाणी आत.

समुद्राची वाढती पातळी हे दुसरं मत. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने चढली. वीस वर्षांत साडेसहा सेंटीमीटर, चार बोटं. तुमच्या त्या रात्रीचं पाणी या चार बोटांनी आणलं नाही. पण वडिलांच्या वेळी जे उधाण माथ्याखाली चार बोटं थांबायचं ते आता माथ्याला लागतं, आणि वरून मातीचा बांध दरवर्षी थोडा बसतो. दोन्ही मिळून अंतर कमी होत चाललंय.

वाळूउपशाने भरती वाढली का? नदी खोल झाली की आत शिरणाऱ्या भरतीला घर्षण कमी होतं, हे तत्त्व बरोबर. पण वाळूउपशाचा खरा मार बांधाच्या पायाला बसतो: काठ सुटतो, पाया उघडा पडतो, बांध खचतो. आणि मला हेही सांगायला हवं की आमच्या बार्जांच्या लाटांनीही अनेक वर्षं हेच केलं. भरलेली बार्ज कालव्यातून वेगाने गेली की मागे उठणारी लाट चिऱ्यांच्या सांध्यातली माती चाटून नेते. मी मास्टर झाल्यावर कालव्यात वेग धरला नाही, पण त्याआधी धरलेला आहे, आणि ज्या बांधांजवळून गेलो ते अजून डोळ्यांसमोर आहेत.

आता काय करायचं ते.

भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरतीचे तक्ते काढतो, त्यात मुरगाव आहे. आकडे समुद्राच्या सरासरी पातळीपासून नसतात, जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेले असतात. मुरगावची सरासरी पातळी त्या शून्याच्या वर सुमारे १.३ मीटर आहे. वर्षाच्या सुरुवातीला बसा आणि सव्वादोन मीटरच्या आसपासचे किंवा वरचे सगळे दिवस लाल पेनाने खुणा करा. बरेचसे दोन झुबक्यांत येतील, एक पावसाच्या सुरुवातीला आणि एक वर्षाच्या टोकाला. वर्षाच्या टोकाचे रात्रीचे असतील.

त्यानंतर स्वतःची काठी रोवा. बांधाच्या बाहेर, मानशीजवळ म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, सरळ माडाच्या वाशावर रंगाने बोटाबोटाच्या खुणा. एका उधाणाला आणि एका भांगाला, दोन वेळा बसून पाणी सर्वांत वर कधी आणि कुठवर आलं ते लिहा. मुरगावच्या तक्त्याशी तुमचा वेळेचा आणि उंचीचा फरक कळेल. तो तुमच्या जागेचा फरक, दुसऱ्या कोणाचा चालत नाही. पुढे तक्त्याचा आकडा पाहून तुमच्या काठीवर पाणी कुठे येणार ते सांगता येईल. आणि काठीवर पाणी त्याहून वर आलं तर जितकं वर तितकं हवामानाचं किंवा नदीचं.

उधाणाच्या रात्री बांधावर असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. भरती सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत पहिल्या तासाला एक बारांश, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, शेवटच्याला परत एक. दोन मीटरच्या उधाणाला शेवटच्या तासात पाणी १५-१७ सेंटीमीटरच चढतं. म्हणजे पूर्ण भरतीला एक तास बाकी असताना पाणी माथ्याखाली वीतभरापेक्षा जास्त असेल तर घरी जा. वीतभर किंवा कमी असेल तर माणसं बोलवा, मातीची पोती ठेवा.

आणि मानस बघा. बांध ओलांडून आलेलं पाणी दिसतं, मानशीतून आलेलं दिसत नाही. जुन्या मानशीची लाकडी दारं स्वतःच मिटतात: बाहेरचं पाणी चढलं की दाबाने दार चौकटीवर बसतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जातं. कोणी उघडायला नको, कोणी बंद करायला नको. पण दाराच्या कडेला एक काटकी, एक प्लास्टिकची बाटली अडकली की दार दोन बोटं उघडं राहतं आणि रात्रभर खारं पाणी आत. मी एकदा मित्राच्या खाजनात डिसेंबरच्या रात्री टॉर्च घेऊन असंच पाहिलं. माथा कोरडा, दार मिटलेलं, तरी आत पाण्याचा बारीक खळखळाट. शोधता शोधता बांधाच्या आतल्या उतारावर चिखलात तीन छिद्रं दिसली, कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं, आणि त्यातून मनगटाएवढी धार. आम्ही तिथेच चिखल आणि पेंढा ठासून बसलो. ओहोटी लागेपर्यंत त्यावरून पाय काढला नाही. सकाळी पाहिलं तर एका बिळाभोवतीची माती ताटाएवढी खचली होती. आणखी दोन उधाणं गेली असती तर तिथे भगदाड पडलं असतं.

डागडुजीची वेळही बदलायला हवी. आपण बांध एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी बघतो. ते बरोबर आहे, ते सोडू नका. पण भात कापून झालं की कार्तिकात दुसरी फेरी हवी. पावसाने बांध मऊ होऊन बसलेला असतो, बिळं वाढलेली असतात आणि समोर रात्रीचं, वर्षातलं सर्वांत उंच पाणी येणार असतं. ही फेरी आपल्याकडे बहुतेक कोणी करत नाही.

तुमच्या शेतात मीठ आलंय ते पुढच्या पावसाचं गोडं पाणी धुऊन नेईल. तेव्हा मानस उघडी ठेवून पहिल्या पावसाचं पाणी दोन-तीनदा भरून बाहेर सोडा. आणि त्या रात्रीचं पाणी बांधाच्या आतल्या चिऱ्यांवर कुठवर आलं त्याची गाळाची रेघ अजून दिसत असेल. पाऊस ती धुऊन टाकण्याआधी तिच्यावर तेलरंगाची खूण करा आणि शेजारी तारीख आणि वेळ लिहून ठेवा. नवीन माथा किती उंच हवा ते त्या रेघेपासून मोजायचं आहे.